शपथ नको, अर्ज द्या

दरवर्षी २५ जानेवारीला राज्यातील शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. विद्यार्थ्यांच्या रांगा लावल्या जातात, निर्भयपणे मतदान करण्याची शपथ उच्चारली जाते, रांगोळ्या रेखल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या तयारीला सारे लागतात. २०११ पासून हा क्रम बिनचूक चालू आहे. या साऱ्या सोहळ्यात एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी घडत नाही. बारावीच्या वर्गात बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातात मतदार नोंदणीचा अर्ज पडत नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्याकडून मतदानाची शपथ घेणे म्हणजे ज्याला शिधापत्रिकाच नाही त्याला रेशनच्या रांगेत उभे राहण्याची शिस्त शिकवण्यासारखे आहे.

काही जिल्ह्यांत नोंदणीची शिबिरे होतात, हे खरे. परंतु ती एखाद्या उत्साही तहसीलदाराच्या किंवा प्राध्यापकाच्या मर्जीवर होतात. अधिकारी बदलून गेला की शिबिर बंद पडते. नागरिकाचा सर्वांत मूलभूत राजकीय हक्क कोणाच्या उत्साहावर अवलंबून ठेवायचा नसतो.

या उदासीनतेचा हिशेब मांडला तर तो भयंकर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी अठरा व एकोणीस वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत असल्याचे निवडणूक आयोगाने अभिमानाने जाहीर केले. आकडा मोठा दिसतो. पण तो कशाच्या तुलनेत मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा या वयोगटातील मुलांची संख्या १६ कोटींच्या आसपास होती. त्यांतील पाच-सहा वर्षांची मुले २०२४ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांची झाली. सात वर्षांच्या गटात १६ कोटी, म्हणजे एका वर्षाच्या वाट्याला सव्वादोन कोटींहून अधिक आणि दोन वर्षांच्या वाट्याला साडेचार कोटींहून अधिक. म्हणजे दर पाच तरुणांमागे दोघांचे नाव यादीत लागले आणि तिघे बाहेर राहिले. जगातील सर्वांत मोठी लोकशाही म्हणून मिरवणाऱ्या देशात नव्या पिढीचा निम्म्याहून मोठा हिस्सा पहिल्याच निवडणुकीत उंबऱ्याबाहेर उभा असतो, आणि त्याबद्दल कोणत्याही शासनकर्त्याला झोप येईनाशी होत नाही.

कायदा दारापर्यंत आला

कायदा अपुरा आहे म्हणून हे घडते काय? तसे मुळीच नाही. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये संमत केली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. १९७४ साली गुजरात आणि बिहारमध्ये भ्रष्ट सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या हजारो विद्यार्थ्यांना त्या वेळी मतदानाचा हक्क नव्हता. लाठी खाण्यास जे वयाने पुरेसे ठरले होते ते मत देण्यास अपुरे होते. ती विसंगती दूर व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली.

त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ एक खोच कायम होती. वयाची गणना केवळ १ जानेवारी या एकाच तारखेला होत असे. २ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्ती कायद्याने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा ठरवल्या. १ ऑगस्ट २०२२ पासून तर सतरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणाला आगाऊ अर्ज करून ठेवण्याचीही मुभा मिळाली. वय पूर्ण होईल त्या तिमाहीत त्याचे नाव यादीत चढावे, अशी ही योजना आहे.

या तरतुदीचा अर्थ सरळ आहे. बारावीच्या वर्षात जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज आज कायद्याने घेता येतो. कायद्याने शासनाला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडले आहे. पुढची दहा पावले टाकण्याची मात्र शासनाची तयारी नाही. ती पावले सतरा वर्षांच्या मुलाने टाकावीत, संकेतस्थळ शोधावे, छायाचित्र चढवावे, पत्त्याचा पुरावा जोडावा, अर्ज का अडकला याची चौकशी तहसील कचेरीत करावी, अशी अपेक्षा आहे. आणि त्याने हे केले नाही की ‘आजचा तरुण राजकारणाविषयी उदासीन आहे’ असे अग्रलेख लिहायला मंडळी मोकळी होतात.

२०२५ साली तर उदासीनतेच्या या आरोपाचे पितळ उघडे पडले. अठरा वर्षे पूर्ण होऊनही आपली नोंदणी स्वीकारली जात नाही, अशी तक्रार घेऊन मुंबईतील एका विद्यार्थिनीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. चार तारखांचा कायदा होऊन चार वर्षे उलटली होती. त्याच सुमारास राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, वर्षानुवर्षे रखडलेल्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी ग्राह्य धरण्यात आली. त्या तारखेला ज्याचे नाव यादीत नव्हते त्याला आपल्या गावाच्या किंवा शहराच्या कारभाराविषयी मत देता आले नाही. पाच वर्षांचा कारभार एका तारखेने हातातून निसटला. वेळेवर अर्ज हाती पडणे न पडणे ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून दिसते.

यादीबाहेर कोण राहतो?

सुखवस्तू घरातील मुलाचे नाव यादीत लागायला फारसा त्रास पडत नाही. घरात संगणक असतो, कागदपत्रांची फाईल असते, पत्ता कायम असतो आणि सोसायटीच्या कचेरीत मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लावलेला असतो. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही तो बाहेर राहतो. मतदार यादीतील गळती आंधळी नसते. ती वर्ग, जात आणि लिंग ओळखून होते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळा लागताना परततात. मतदार यादीच्या वार्षिक संक्षिप्त पुनरीक्षणाचा, दावे व हरकतींचा काळ साधारणतः याच महिन्यांत येतो. अधिकारी गावात घरोघर फिरतो तेव्हा दाराला कुलूप असते. ज्या कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठी मागे, आजीजवळ किंवा वसतिगृहात राहिलेली असते, तिला गाठण्याचे एकच खात्रीचे ठिकाण असते आणि ते म्हणजे तिचा वर्ग.

मुलींची कथा याहून बिकट आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वीच झाली होती. माहेरच्या यादीत नाव लागण्याआधी मुलगी सासरी जाते आणि सासरच्या यादीत नाव लावून घ्यायचे की नाही हे ठरवणारे दुसरेच कोणी असते. बारावीच्या वर्गात, बापाच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीवाचून, स्वतःच्या सहीने भरलेला अर्ज हा तिच्या आयुष्यातील पहिला स्वतंत्र राजकीय दस्तऐवज ठरू शकतो.

यादीत नाव कसे लागते या प्रश्नाशी स्त्रियांचा संबंध जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता उत्तर भारतातील लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद केली. स्वतःचे नाव सांगितल्याशिवाय नोंद ग्राह्य धरायची नाही, असे पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले आणि अखेर सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. घटनेने मत दिले होते. यादीने ते रोखले. तेव्हापासून आजवरचा धडा एकच आहे. सार्वत्रिक मताधिकार घटनेच्या ३२६ व्या कलमात लिहिला म्हणून सार्वत्रिक होत नाही. यादी सार्वत्रिक असेल तेवढाच तो सार्वत्रिक असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा मत हे मालमत्तेशी आणि शिक्षणाशी बांधलेले होते. अशिक्षिताला मताचे मोल काय कळणार, असे त्या काळचे शहाणे विचारीत. त्या शहाणपणाचा पराभव करून हा हक्क मिळवलेला आहे. आज तोच हक्क अर्ज, छायाचित्र, पुरावा आणि हेलपाटे यांच्या चाळणीतून गाळून पुन्हा मूठभरांच्या सोयीचा होत असेल, तर मालमत्तेची जुनी अट मागच्या दाराने परत आली असे म्हणावे लागेल.

दाखला मान्य, शाळा अमान्य

शासनाला शाळेचा रस्ता माहीत नाही असे नाही. परीक्षेचा अर्ज शाळेतून जातो. शिष्यवृत्तीची माहिती शाळेतून भरली जाते. जातीच्या प्रमाणपत्राच्या कामी शाळेच्या दाखल्यावाचून पान हलत नाही. विद्यार्थ्याचे नाव, आईवडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता जनरल रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेला असतो. सतरा वर्षांच्या तरुणाविषयी इतकी विश्वासार्ह नोंद राज्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

निवडणूक यंत्रणा स्वतः ही नोंद मानते. मतदार नोंदणीच्या नमुना ६ या अर्जात वयाचा पुरावा म्हणून जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले तेव्हा आयोगाने मान्य केलेल्या अकरा कागदपत्रांत मॅट्रिकच्या प्रमाणपत्राचा समावेश होता. त्या पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली आणि कागद नसलेल्या गरिबांची कशी त्रेधा उडाली हे साऱ्या देशाने पाहिले. नाव काढताना जी यंत्रणा तीन महिन्यांत एका राज्याच्या घराघरांत पोहोचू शकते, तिला नाव लावताना बारावीचा वर्ग सापडू नये, ही गोष्ट अपघाताची वाटत नाही. शाळेने दिलेला कागद मान्य, पण शाळेत जाऊन अर्ज देणे अमान्य, असा हा उरफाटा न्याय आहे.

महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांदरम्यान मतदारांची संख्या सुमारे ४० लाखांनी वाढली. त्यावरून उठलेले वादळ अद्याप लोकांच्या स्मरणात आहे. विरोधकांनी संशय व्यक्त केला, आयोगाने तो फेटाळला. यादीवरील विश्वास टिकवायचा असेल तर नवी नावे कोठून आली हे कोणालाही पाहता आले पाहिजे. ज्या नावामागे शाळेची नोंद आहे, जे वर्गात सर्वांसमक्ष भरले गेले आहे, त्या नावावर संशयाला जागा कमी राहते. शाळेतील नोंदणी हा यादी शुद्ध ठेवण्याचाही एक मार्ग आहे.

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, यामुळे शाळेत राजकारण शिरेल. महाराष्ट्रात हा आक्षेप घेण्यासाठी फारच मोठे धैर्य लागते. ज्या राज्यात संस्थाचालक आमदार असतो, आमदाराचा भाऊ प्राचार्य असतो आणि सभेला गर्दी हवी असली की शाळेला सुटी मिळते, तेथे राजकारण फाटकाबाहेर थांबले आहे असे समजणे भाबडेपणाचे आहे. सत्तेचे राजकारण शाळेत केव्हाच शिरले आहे. नागरिकाचे राजकारण तेवढे बाहेर ठेवण्यात आले आहे. १९९४ नंतर राज्यातील महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका हद्दपार झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, पण ती कागदावरच राहिली. ज्या तरुणाला वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याची संधी मिळत नाही, त्याला एकदम खासदार निवडायला पाठवायचे आणि तेही त्याचे नाव यादीत नसताना, असा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या बोजाचा. तो खोटा नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस मनाई केली. तरी निवडणुकीच्या नावाखाली प्राथमिक शिक्षक आणि अंगणवाडी सेविका वर्षभर याद्या घेऊन दारोदार हिंडतात. यादीचे काम शिकवण्याच्या वेळात लादू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे. परंतु या तक्रारीतून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. ज्या अधिकाऱ्याला साठ तरुणांसाठी साठ दारे ठोठवावी लागतात, त्याला ते साठ जण एका तासात, एका खोलीत भेटतात. वर्गातील नोंदणीने बोजा वाढत नाही, घटतो. शिवाय अर्ज तपासणे आणि पुढे पाठवणे हे निवडणूक यंत्रणेचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिक्षणसम्राट या योजनेचा गैरफायदा घेतील. गठ्ठ्याने अर्ज भरून बाहेरगावचे विद्यार्थी आपल्या मतदारसंघात घुसवतील. ही भीती साधार आहे आणि ती झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणूनच अर्जाला संस्थाचालकाचा हात लागता कामा नये. अर्ज विद्यार्थ्याने भरावा, सही त्याची असावी, तो थेट निवडणूक कर्मचाऱ्याकडे द्यावा आणि पोच विद्यार्थ्याच्या हाती यावी. वसतिगृहात राहणाऱ्याने घरचा पत्ता द्यावा की वसतिगृहाचा, ही निवड नियमाने त्याला दिलेली आहे. ती प्राचार्यांनी करायची नाही. नोंदणी ऐच्छिक हवी. नकार देणाऱ्याला कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नसावा. परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा दाखला यांच्याशी तिचा संबंध जोडणे हा गुन्हा मानला जावा.

हे सारे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उदाहरण पुरेसे आहे. त्या देशात १९७१ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरा झाले. टेक्सासच्या निवडणूक कायद्यानुसार प्रत्येक माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती उपनोंदणी अधिकारी असते आणि त्या वर्षात अठरा वर्षांच्या होणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षातून किमान दोनदा अर्ज देणे तिच्यावर बंधनकारक आहे. ते राज्य समाजवाद्यांचे नाही, हे सांगायला नको. मात्र तेथील दुसरा धडाही ध्यानात ठेवावा लागेल. कायदा न पाळणाऱ्या शाळेला जाब विचारण्याची धड सोय नसल्यामुळे अनेक शाळांनी ते कलम फाईलमध्येच ठेवले. कलमाबरोबर जबाबदारीही नेमून दिली नाही तर कलमाचे सुभाषित होते.

मागणी काय असावी?

मागणी नेमकी असली पाहिजे. उच्च माध्यमिक वर्ग असलेली प्रत्येक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आश्रमशाळा आणि रात्रशाळा येथे प्रत्येक सत्रात एक दिवस निवडणूक यंत्रणेने स्वतः जावे आणि सतरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाच्या हाती छापील नमुना ६ द्यावा. छायाचित्राची आणि प्रतींची सोय तेथेच, विनामूल्य असावी. किती अर्ज दिले, किती आले, किती फेटाळले आणि का, याचा तक्ता शाळेच्या फलकावर आणि तहसील कचेरीत लावावा. अर्ज फेटाळल्यास लेखी कारण विद्यार्थ्याला मिळावे. या कामाची जबाबदारी तालुक्यातील एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर असावी आणि एकही दिवस न नेमलेल्या शाळेचा जाब त्याला विचारला जावा.

एवढ्याने भागणार नाही, याचेही भान हवे. बारावीच्या वर्गापर्यंत पोहोचतच नाहीत अशी मुले-मुली लाखोंनी आहेत. ती वीटभट्टीवर आहेत, गॅरेजमध्ये आहेत, धुणीभांडी करीत आहेत, उसाच्या फडात आहेत. शाळेतील नोंदणी केवळ शिकत राहिलेल्यांपुरती ठेवली तर शिक्षणाची जुनी अटच नव्या रूपाने लादल्यासारखे होईल. म्हणून जनरल रजिस्टरमध्ये ज्यांची नावे आहेत पण जे वर्गात नाहीत, अशा सतरा वर्षांच्या प्रत्येक तरुणाकडे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने अर्ज घेऊन जावे आणि हंगामी स्थलांतराच्या गावांत हे काम कुटुंबे निघण्यापूर्वी, भाद्रपद-आश्विनातच उरकावे. जो शाळेतून गळाला तो लोकशाहीतूनही गळाला, असे होऊ देता कामा नये.

आणि हा प्रश्न केवळ शासनापुढे मांडून पुरोगामी संघटनांना हात झटकता येणार नाहीत. विद्यार्थी संघटना, शिक्षक संघटना आणि कामगार संघटना यांनी निवडणूक जाहीर झाल्यावर तरुणांपुढे भाषणे केली. पण ते तरुण यादीत आहेत का, हे आधी किती जणांनी पाहिले? प्रस्थापित पक्षांची यंत्रणा आपापली नावे यादीत लावून घेते, इतरांची गहाळ कशी होतील हेही पाहते. श्रमजीवींच्या मुलांची नावे लावून घेणारी यंत्रणा कोणाचीच नाही. तालुक्यातील शाळांची यादी करणे, मुख्याध्यापकांना आणि तहसीलदारांना लेखी निवेदन देणे, नोंदणीच्या दिवशी फाटकावर उभे राहून अर्ज कसा भरावा हे समजावून सांगणे आणि प्रारूप यादी प्रसिद्ध होताच ती गावात, चावडीवर मोठ्याने वाचणे ही कामे कष्टाची आहेत. त्यांना प्रसिद्धी मिळत नाही. परंतु फी वाढली, वसतिगृह बंद झाले, भरती रखडली, परीक्षेचा पेपर फुटला की ज्यांचे तोंड पोळते त्या तरुणांचे मत जोवर मोजले जात नाही तोवर त्यांच्या प्रश्नांनाही कोणी मोजणार नाही. ते मोजायला लावण्याचे काम येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्याच आठवड्यात सुरू झाले पाहिजे.